तंबूची शिदोरी

अन्याय झाला तो सोजरआक्कावर, आणि तिच्या लेकीच्या, कौशीच्या, अंगावरच्या पोरावर. कधी झाला तेही सांगते, कारण ‘त्या काळी असंच चालायचं’ म्हणून पुढं सरकणाऱ्या माणसांची मला चीड आहे. मोठ्या दुष्काळातला चैत्र संपत आला होता. पुनवेनंतरचा दुसरा मंगळवार, सकाळी, तलावाच्या कामावर मुकादमाची शिट्टी व्हायच्या आत. अन्याय आमच्या घराकडून झाला. तो दुष्काळानं केला असं कुणी म्हणालं, तर तो माणूस कुठल्यातरी सोसायटीचा चेअरमन आहे किंवा व्हायच्या वाटेवर आहे असं खुशाल समजा. दुष्काळ पाऊस नेतो, विहिरी नेतो, गुरं नेतो. पत्र्याच्या डब्यात लाडू भरत नाही.

पुढं आयुष्यभर मी पत्रकं लिहिली. सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझी बोटं काळी असायची आणि वाक्यं तोकडी. ती सवय गेली नाही, आणि आता या वयात जायचीही नाही. पण आपल्याच घरावर पत्रक काढता येत नाही. घराला पुस्तकातलं अख्खं प्रकरण लागतं.

आमचं गाव शेजारच्या मुरूम गावाच्या बाजारावर जगणारं. माझे वडील, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणायचो, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचे चेअरमन. संघाचं आमच्या गावचं गोदाम म्हणजे आमच्याच घराची मागची बाजू. मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार, आणि दाराची किल्ली आईच्या स्वयंपाकघरात झारा-उलथण्याशेजारच्या खिळ्याला. लहानपणी मला गोदाम ही घरातलीच एक खोली वाटायची. खताचा, पेंडीचा आणि कोऱ्या पोत्यांचा वास येणारी, उन्हाळ्यात गार पडणारी. दुपारी आई तिथं पोती टाकून मला निजवायची. दादांनाही ती घरातलीच खोली वाटायची, आणि सगळं तिथूनच सुरू होतं. चोराला निदान कुलूप तोडावं लागतं. दादांना खिळ्यावरची किल्ली काढायची होती. एक मात्र सांगायला हवं. गावाला काम मिळावं म्हणून दादांनीच धाराशिवच्या कचेरीत खेटे घातले होते. पाझर तलावाचं काम आलं ते त्यांच्यामुळं. तलावावर राबणाऱ्या बायकांना दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेलं पीठ, त्यात गोडीपुरती साखर आणि दाण्याचा कूट. पाण्यात कालवली की जेवण. तिची पोती आमच्या मागच्या खोलीत उतरायची आणि तिथून तलावावर जायची. लेकुरवाळीला आधी, मग बाकीच्यांना, असा नियम होता.

माझे काका विलायतेत डॉक्टर. त्या वर्षी त्यांनी दादांना, आईला आणि मला तिकिटं पाठवली. सोबत निळं घडीचं पत्र. दादा सोप्यात बसून ते मोठ्यानं वाचायचे, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जावं. काकांनी लिहिलं होतं की आठ-दहा दिवस आपण सगळे एका तळ्याकाठी जाऊन राहू. तिथं तंबू ठोकायचा, पाणी नळावरून भरून आणायचं, स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा, मोरी आणि संडास सगळ्यांना मिळून, जरा लांब.

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “तंबूत? भाऊजींचं घर पडलं का काय?”

“अगं, सुट्टी म्हणून. तिकडं मोठमोठी माणसं जातात तंबूत राहायला. जागेचं भाडं भरून.”

“पाणी वाहून आणायचं, उघड्यावर रांधायचं, भुईला निजायचं. आन त्याला वर भाडं?” आई हसायला लागली ती थांबेना. “मग इमानात बसायची काय गरज हाय? आपल्या तलावावर चला की. चालत जाऊ. मुकादम फुकट ठेवून घेईल.”

दादाही हसले. मीही हसले. त्या घरात आम्ही असे पुष्कळ हसायचो, आणि ती हसणी आठवली की आता कानाच्या पाळ्या गरम होतात. माझ्या चुलत भाचीची मुलगी हल्ली अशाच तंबूचे फोटो मला फोनवर पाठवते. स्टोव्हवर उकळणारा चहा, मागं झाडं. छान आहे, मी लिहिते. छानच असतं. तंबूनं कुणाचं वाकडं केलेलं नाही. मी तंबूबद्दल बोलत नाही, तंबूत नेलेल्या शिदोरीबद्दल बोलते आहे.

शिदोरी न्यावी लागणार होती, कारण तेव्हा परदेशी जाताना सरकार जवळ फार थोडे पैसे नेऊ द्यायचं, आणि काकांवर सगळा भार टाकणं आईला मंजूर नव्हतं. काकांनीही लिहिलं होतं: टिकणारं, हलकं, कोरडं आणा, इथं आपल्या तोंडाचं मिळत नाही. मग पंधरा दिवस आमच्या घरात जे चाललं ते लग्नाच्या वरताण. शेंगांची चटणी कुटली गेली. कुरडया, सांडगे, मेतकूट, तेलात मुरवलेली मिरची. तवा न्यायचा का, यावर एक पूर्ण संध्याकाळ वाद झाला. “तिकडं तवे असतील,” दादा म्हणत, आणि आई म्हणत होती की असतील, पण ते आपल्या भाकरीला ओळखणार न्हाईत. तवा ट्रंकेत गेला. काकांनी थंडी असते म्हणून बजावल्यामुळं सोलापूरहून लोकरी स्वेटर आणले होते. ते घालून पाहायचे म्हणजे दारं लावून घ्यायची. बाहेर पत्रे तापून कडकड वाजायचे, आडाला तळ दिसत होता, बायका घागरी घेऊन ओळीनं बसलेल्या, आणि आत आम्ही तिघं गळ्यापर्यंत लोकर चढवून घामानं निथळत एकमेकांकडं पाहत उभे. आई म्हणाली, “लोकांनी बघितलं तर म्हणतील, चेअरमनला ऊन चढलं.” ट्रंकेचं वजन करायला दादांनी ती गोदामातल्या मोठ्या काट्यावर ठेवली. विमानवाल्यांच्या नियमापेक्षा जास्त भरली. काढ-घाल सुरू झाली. तवा निघाला नाही. दादांचा कोट निघाला.

सगळ्यात मोठं काम होतं कडक भाकरीचं. आमच्याकडची कडक भाकरी कागदासारखी पातळ असते. तव्यावर भाजून मग चुलीतल्या आराजवळ उभी करून वाळवतात, आणि ती महिनाभर राहते. जमिनीखालच्या पेवातली शेवटची जुनी ज्वारी आईनं त्यासाठी काढली. गाव तेव्हा रेशनवरची लाल परदेशी ज्वारी, मिलो, खात होतं. आणि गावात सगळ्यात पातळ भाकरी करणारा हात सोजरआक्काचा. ती मागच्या बोळात राहायची. नात्यानं आमची कुणी नव्हती, पण वयानं आईपेक्षा मोठी म्हणून आई तिला आक्का म्हणायची, तशी मीही. नवरा केव्हाच घर सोडून गेलेला. कौशी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, आणि बाळंतपण उरकताच आईबरोबर तलावावर जायला लागली होती. पोर लिंबाच्या फांदीला झोळीत, आणि ही डोक्यावर मातीची पाटी घेऊन बांधावर. एका सुट्टीच्या दिवशी सोजरआक्का आमच्याकडं भाकऱ्या थापायला आली. थापता थापता तिची टकळी चालू.

“वैनी, तिकडं उन्हाळ्यात बी पाऊस पडतो म्हणं?”

“म्हणतात तसं.”

“मग येताना थोडा आणा की पदरात बांधून. एक इहीरभर पुरं.”

“पदरात राहील का आक्का?”

“तुमच्या पदरात समदं ऱ्हातंय,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. टोमणा नव्हता तो. तेव्हा नव्हता.

भाकऱ्या झाल्या, तेव्हा दादांच्या मनात आलं की एवढ्यानं भागायचं नाही. संध्याकाळी त्यांनी किल्ली काढली, मागच्या खोलीतून सुकडीची शेवटची दोन अर्धी पोती ओढत आणली आणि चुलीसमोर ठेवली. “हे बघ. शिजवायला नको, टिकवायला नको. मूठभर खाल्ली की दिवस निघतो. तुपात लाडू वळ.”

आईनं पोत्याकडं पाहिलं. “ही तलावावरची न्हाय का?”

“उरलेली हाय. मजूर कमी झालेत, लोकं सोलापूरकडं गेली. पडून किडे होतील.”

आईनं मान डोलावली. तिला विश्वास ठेवायचा होता, आणि ठेवायचा असला की माणसाला फार कारण लागत नाही. तिनं दार लावून घेतलं, सुकडी पुन्हा जरा परतली, त्यात तूप सोडलं. सुकडीला एक वास असतो, भाजक्या पिठाचा, गोडसर आणि मागं थोडा करपल्यासारखा. तूप घातलं तरी तो जात नाही. दोन दिवस घर त्या वासानं भरलं होतं. त्या मंगळवारच्या आदल्या रात्री आईनं लाडू पत्र्याच्या डब्यांत भरले, डबे ट्रंकेत गेले. रिकामी पोती वाया जाऊ नयेत म्हणून आईनं धुऊन, उसवून, अंथरुणाच्या गुंडाळीला त्यांचं आवरण शिवलं, भुईला घालायला मजबूत म्हणून. पोत्यावर छापलेलं होतं की हा माल विक्रीसाठी नाही. ते अक्षर आतल्या बाजूला येईल अशी शिवण दादांनी सांगितली.

आईच्या माहेरची एक रीत होती. लांबच्या वाटेला निघायचं तर आधीच्या मंगळवारी तुळजापूरच्या आईच्या नावानं पाच घरी जोगवा मागायचा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पायात काही नाही. कितीही मोठ्या घरची असो, परडी घेतली की ती मागणारी. दारात आलेली परडी कुणी रिकामी परतवत नाही, आणि परडीत जे पडेल त्याला नाव ठेवत नाहीत. पाच घरचं पीठ एकत्र करून त्याची भाकरी निघताना खायची, म्हणजे वाट सुखाची होते. मला हे सगळं तेव्हा फार आवडायचं. आजही देव मानत नसले तरी त्या रीतीवर माझा राग नाही. देणारा आणि मागणारा यांची जागा एका सकाळपुरती का होईना, बदलते. आमच्या घरात तेवढीच एक गोष्ट होती जी खऱ्याला दारात आणू शकत होती, आणि तिनं आणलं.

त्या मंगळवारी मी हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आईच्या मागं. चार घरं आमच्याच आळीतली झाली. चांगलं पांढरं पीठ पडलं, एकीनं वर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. पाचवं घर नेहमीचं म्हणजे शेजारच्या शिक्षकांचं, तर त्याला कुलूप. बिऱ्हाड सोलापूरला गेलेलं. पाच घरं पुरी व्हायलाच हवीत म्हणून आई मागच्या बोळात वळली, आणि पहिलं दार सोजरआक्काचं होतं.

“आई राजा उदे उदे. जोगवा वाढा माय.”

सोजरआक्का कामावर निघायच्या तयारीत डोक्याला चुंबळ बांधत होती. “अगं बया! वैनी? आमच्या दारात?”

“देवीला सगळी दारं सारखी, आक्का.”

“तेबी खरंच.” ती आत गेली. डब्यात वाटी खरवडल्याचा आवाज आला. मग कौशीचा, दबका: “माय, तेवढंच हाय. सांजच्याला ठिवलंय.” आणि आक्काचा: “गप. दारात परडी हाय.”

ती मुठीत पीठ घेऊन आली. लाल पीठ. चार घरच्या पांढऱ्यावर ते पडलं आणि तसंच वेगळं दिसत राहिलं. “मिलोचं हाय वैनी. देवीला चालतंय का न्हाय कुणास ठावं.”

“चालतं की.” आई जायला वळली असती तर बरं झालं असतं, पण ती माणुसकीची होती. विचारल्याशिवाय कशी निघेल? “कौशी कशी हाय? बाळ?”

“बाळ रडतंय. हिचं दूध आटलंय. सुकडी हुती तवर अंगावर येत हुतं. पुनव झाल्यापासनं सुकडी न्हाय तलावावर. मुकादमाला इचारलं तर म्हणतो वरनंच आली न्हाय. वरनं म्हंजी कुठनं वो वैनी? तुमचं मालक चेअरमन हायेत, तुमाला म्हाईत असंल.”

आईनं कपाळ पुढं केलं. सोजरआक्कानं माझ्या हातातल्या वाटीतलं कुंकू घेतलं, रीतीप्रमाणं आईच्या कपाळाला लावलं, आणि हळद लावायला तिचा हात हातात घेतला. घेतला आणि तसाच धरून राहिली. मग ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, कांदा चिरल्याचा वास येतो असं आपण म्हणतो तशी:

“वैनी, तुमच्या हाताला सुकडीचा वास येतो.”

आईनं हात काढून पदराखाली घेतला. ती तडक घराकडं वळली, मी मागं. तिनं परडी देवापुढं ठेवली, ट्रंक उघडली, घड्या घातलेले स्वेटर भराभर बाजूला फेकले आणि डबे बाहेर काढले. दादा खिडकीत आरसा टांगून दाढी करत होते.

“काय करलालीस?”

“परत देलाले.”

“कुणाला?”

“ज्यांची हाय त्यांना. तुम्ही म्हणालाव उरलेली हाय. पुनवेपासून तलावावर सुकडी न्हाय. कौशीचं दूध आटलंय.”

“अगं, पोती पुढच्या गाडीला येणारच हायेत. भरून काढू. आत्ता तू हे घेऊन गेलीस की एक विचारील, मग दुसरी, मग तिसरी मामलेदाराकडं जाईल. माझी सगळी अब्रू दारोदार वाटायला निघालीस तू.”

“तुमची अब्रू?” आईचा आवाज चढलेला मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. “मी आत्ता तिच्या दारातनं तिच्या सांजचं पीठ मागून आणलंय. देवीच्या नावानं. हे बघा.” तिनं परडी त्यांच्यासमोर धरली. पांढऱ्यावर लाल मूठ.

दादांच्या एका गालाला साबण होता. ते परडीकडं पाहत राहिले. त्यांना ती समजली, याची मला आजही खात्री आहे. ते निर्ढावलेले नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त शरम वाटते. आई पीठ देवापुढं ताटात काढून, डबे परडीत रचून निघाली तेव्हा मंगळवारी परडी घेतलेल्या बाईला अडवायचं कसं हे त्यांना कळेना. त्यांनी साबण पुसला, टोपी घातली आणि आमच्या मागून आले. अर्धी दाढी तशीच.

बोळात बायका कामावर निघत होत्या. आईनं पहिला डबा उघडला आणि पहिल्या बाईच्या हातावर लाडू ठेवायला गेली. तिच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मागून दादांचा आवाज आला, सभेतला, भरदार:

“घ्या, घ्या, सगळ्यांनी घ्या! विलायतेला निघालोय. देवीचा प्रसाद हाय. तुमचे आशीर्वाद पाठीशी असू द्यात.”

आणि बायकांनी हात जोडले. एकीनं माझ्या आईच्या पायाला हात लावला.  नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं आईला कुणी शिकवलेलं नव्हतं. लाडू हातावर पडत गेले, कपाळाला लागत गेले, पदरात बांधले गेले. लेकुरवाळ्यांना आधी असा नियमही राहिला नाही. जी पुढं होती तिला मिळालं.

सोजरआक्का दारातच उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी. आई तिच्यापाशी पोचली. तिच्या एकटीसाठी आईनं दोन डबे बाजूला काढून ठेवले होते. सोजरआक्कानं हात पुढं केला नाही.

“वैनी, प्रसाद म्हणून देताव, का सुकडी म्हणून?”

बोळातल्या बायका तिच्याकडं वळल्या.

“न्हाय, इचारते. प्रसाद असंल तर प्रसादागत घीन. सुकडी असंल तर मग ती आमचीच हाय, आन म्होरलं बोलणं बी हाय.”

आईनं दादांकडं पाहिलं. मीही पाहिलं. सगळ्या बोळानं पाहिलं. तिथं एक शब्द पुरला असता. दादा हसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “प्रसादच की आक्का. देवीचा.”

“बरं.”

तिनं पाटी खाली ठेवली. पदराला हात पुसला. डब्यातल्या एका लाडवाची चिमूट मोडली, कपाळाला लावली, तोंडात टाकली. झालं. उरलेला लाडू तिनं पुन्हा डब्यात ठेवला आणि डबा आईच्या परडीत. आतून कौशी पोर घेऊन पुढं आली होती, तिचा हात डब्याकडं गेला. सोजरआक्का मागं न वळता म्हणाली, “कौशे, चिमूट घे. प्रसाद पोटभर खात नसतेत.”

कौशीनं चिमूट घेतली.

मी तेव्हा तिथं वाटी घेऊन उभी होते. मी का बोलले नाही, हे विचारायला तुम्ही उतावीळ झाला असाल. ते सोडा. पोरीच्या कबुलीनं कुणाच्या अंगावर दूध येत नाही. बोलायचं होतं ते चेअरमननं.

दोन डबे घरी परत आले. दादांनी ते स्वतः ट्रंकेत ठेवले. “प्रसाद टाकत नसतात,” म्हणाले. आईनं स्वेटरच्या घड्या पुन्हा घातल्या. निघायच्या सकाळी पाच घरच्या पिठाची भाकरी केली. मळताना लाल सगळीकडं पसरलं, भाकरी गुलाबट झाली. आम्ही तिघांनी ती देवापुढं बसून खाल्ली. आई एकेक घास बराच वेळ चावत होती. एसटीला पोचवायला अर्धा गाव आला होता. सोजरआक्का कामावर होती.

तळं होतं, काकांनी लिहिलं होतं तसं. काठोकाठ भरलेलं, आणि वरून पुन्हा पाऊस. तंबूवर रात्रंदिवस टपटप. अंथरुणाखाली ते पोत्याचं आवरण, अक्षरं भुईकडं. नळ सोडला की पाणी यायचं आणि आई तो लगेच बंद करायची, घाईघाईनं, जणू कुणी बघतंय. लाडवाच्या डब्याला तिनं एकदाही हात लावला नाही. काकूनं विचारलं हे कशाचे, तर दादा म्हणाले, “आमच्याकडचं नवीन आहे, फार पौष्टिक.” मी खाल्ले. गोड लागले. ते गोड लागले होते, हे लिहिताना अजून हात थांबतो.

परत आलो तेव्हा तलावावर सुकडी पुन्हा सुरू झाली होती. कौशीचं दूध परत आलं नाही. पोर दुसऱ्याच्या शेळीच्या दुधावर जगलं आणि ती त्याला घेऊन सासरी गेली. सोजरआक्का आईशी बोलायची, पूर्वीसारखीच, पण आमच्या चुलीपाशी पुन्हा बसली नाही. आईनं बोलावलं की म्हणायची, “हात दुखतो वैनी.” आणि पुढच्या निवडणुकीत दादांच्या पत्रकात एक ओळ होती: परदेशी निघताना ज्यांनी आधी गोरगरिबांचं तोंड गोड केलं. छापील अक्षर काय करू शकतं हे मला त्या ओळीनं शिकवलं. पुढं मी ते हत्यार उचललं, ते त्यांच्याच गोदामातून.

दादा गेले, आई गेली, सोजरआक्का तर त्याही आधी गेली. गोष्ट गेली नाही. मागच्या खेपेला गावात एका सभागृहात दादांच्या नावाचा कार्यक्रम होता. एका तरुण पोरानं माईकवर सांगितलं की दुष्काळात चेअरमनसाहेब विलायतेला निघाले तेव्हा बाईसाहेबांनी बोळात घरोघर लाडू वाटले. टाळ्या पडल्या. मला शाल दिली गेली. मी उठून सांगायला लागले तेव्हा सूत्रसंचालकानं, ताई भावुक झाल्यात, असं म्हणून माईक पुढं नेला.

म्हणून आता तुम्हाला सांगते, वाचणाऱ्या तुम्हाला. ही गोष्ट तुमच्या कानावर आली, आमच्या गावची किंवा तुमच्या गावची, तर सांगणाऱ्याला तिथंच थांबवा. आणि जे तुमच्याच नावानं आलेलं आहे, धान्य असो, पाणी असो, घरकुलाचा पत्रा असो, ते कुणी हार घालून, फोटो काढून, गोड बोलून तुमच्या हातावर ठेवायला आला, तर मूठ मिटायच्या आधी त्याच्या तोंडावर, चारचौघांत, मोठ्यानं विचारा: प्रसाद म्हणून देताव, का सुकडी म्हणून? आणि उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका.